काट्याच्या दोन सर्व्हरना एकच आयपी पत्ता कसा द्यायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात ऊस वजनकाट्याचं सॉफ्टवेअर चालवायला दोन लिनक्स सर्व्हर आहेत. काट्यांवरचे, शेती विभागातले आणि गट ऑफिसांतले सगळे पीसी १९२.१६८.१०.२१ या पहिल्या सर्व्हरच्या पत्त्यावर जातात. तो बंद पडला की एकेका पीसीवर जाऊन पत्ता बदलावा लागतो आणि तेवढ्या वेळात काट्यासमोर ट्रॅक्टरची रांग लागते. दोन्ही सर्व्हरना तोच पत्ता देऊन पाहिला, तर 'आयपी कॉन्फ्लिक्ट' आला. एकच पत्ता दोघांत वाटता येईल का, आणि जमलं तर लोडही दोघांत विभागता येईल का?

दोन्ही जमतं, पण ती दोन वेगळी कामं आहेत. आधी फेलओव्हर (एक सर्व्हर पडला की दुसऱ्याने त्याचं काम घेणं) पक्का करा, लोडचं नंतर बघा. माझ्या मते तुमच्याकडे लोड विभागायची गरज वाटते त्याहून बरीच कमी आहे. तिकडे पुढे येतो.

कॉन्फ्लिक्ट का आला ते आधी समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. एकाच लॅनमध्ये, म्हणजे कारखान्याच्या आतल्या नेटवर्कमध्ये, डेटाचं पाकीट पोचतं ते मॅक पत्त्यावर, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या क्रमांकावर. काट्यावरचा पीसी एआरपी नावाची विचारणा पाठवून सगळ्यांना विचारतो, "१०.२१ कोणाचा?" ज्याचा असेल तो आपला मॅक कळवतो आणि पीसी तो काही वेळ लक्षात ठेवतो. तुम्ही दोघांना एकच पत्ता दिलात, म्हणजे हजेरी घेताना एका नावाला दोघांनी 'हजर' म्हटल्यासारखं झालं. काही पीसी एकाकडे गेले, काही दुसऱ्याकडे, आणि मधेच कोणाची तरी नोंद बदलली की चालू असलेलं कनेक्शन तुटलं. म्हणून पत्ता दोघांचा असला तरी एका वेळी तो एकाच यंत्रावर बसलेला हवा, आणि तो हलला की नव्या यंत्राने "आता हा माझ्याकडे आहे" असं न विचारता सगळ्या लॅनला सांगायला हवं. या सांगण्याला ग्रॅच्युइटस एआरपी म्हणतात.

हे काम व्हीआरआरपी नावाचा प्रोटोकॉल करतो आणि लिनक्सवर तो चालवणारा प्रोग्रॅम म्हणजे कीपअलाइव्हड. दोन्ही सर्व्हरना आपापला कायमचा पत्ता राहतो आणि सेवेचा तिसरा पत्ता त्यांच्यात फिरतो. इथे एक सोय करून घ्या. सगळ्या पीसींवर १०.२१ आधीच भरलेला आहे, तर तोच फिरता पत्ता करा आणि सर्व्हरना १०.२२ व १०.२३ असे नवे पत्ते द्या. मग एकाही पीसीला हात लावावा लागत नाही. पुढच्या हंगामाआधी मात्र पीसींवर आकड्यांऐवजी नाव भरून घ्या आणि ते नाव तुमच्या डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यादीत) ठेवा.

दोघांपैकी ज्याची प्रायॉरिटी जास्त तो मास्टर. पत्ता त्याच्याकडे असतो आणि तो दर सेकंदाला २२४.०.०.१८ या मल्टिकास्ट (एकदम अनेकांना पोचणाऱ्या) पत्त्यावर 'मी आहे' अशी घोषणा पाठवतो. बॅकअपने किती वेळ वाट बघायची याचं गणित ठरलेलं आहे. घोषणांमधल्या अंतराची तिप्पट घ्यायची, आणि २५६ मधून स्वतःची प्रायॉरिटी वजा करून उरलेल्याला २५६ ने भागून त्यात मिळवायचं. बॅकअपची प्रायॉरिटी १०० असेल तर १५६ भागिले २५६, म्हणजे ०.६१, आणि वरचे ३ धरून ३.६१ सेकंद. एवढा वेळ घोषणा आली नाही की बॅकअप पत्ता स्वतःकडे घेतो.

हाच आकडा चाचणीत फसवतो. बहुतेक लोक मास्टरवर कीपअलाइव्हड नीट थांबवून बघतात आणि पत्ता एका सेकंदाच्या आत हलला म्हणून खूश होतात. पण नीट थांबताना मास्टर शून्य प्रायॉरिटीची शेवटची घोषणा पाठवून 'मी निघालो' असं सांगतो, आणि बॅकअप फक्त तो वरचा ०.६१ सेकंद थांबतो. खरा बिघाड सांगून येत नाही. त्यामुळे चाचणी करताना नेटवर्कची केबल ओढा, वीज तोडा, आणि मग वेळ मोजा.

आता मुख्य गोष्ट. पत्ता हलवणं हे यातलं सगळ्यात सोपं काम आहे. तो केव्हा हलवायचा हे ठरवण्यात खरी मेहनत आहे, आणि मला दिसणाऱ्या बहुतेक जोड्या तिथेच कच्च्या असतात. नुसता व्हीआरआरपी एवढंच बघतो की समोरचं यंत्र घोषणा पाठवतंय की नाही. तुमचं सॉफ्टवेअर लटकलं, डिस्क भरली, चिट (वजनाची पावती) सेव्ह होणं बंद झालं, तरी घोषणा सुरूच राहतात आणि पत्ता त्याच मेलेल्या सेवेला चिकटून बसतो. म्हणून तपासणीची स्क्रिप्ट लागते.

इंटरनेटवर सर्रास सापडणारी स्क्रिप्ट प्रोसेस जिवंत आहे का एवढंच बघते. ती पुरत नाही, कारण लटकलेली प्रोसेससुद्धा जिवंतच असते. तुमच्या सॉफ्टवेअरवाल्यांकडून एक छोटं तपासणी-पान करून घ्या. त्या पानाने लॉगिनशिवाय उघडावं, डिस्कवर एक छोटी फाइल लिहून बघावी आणि 'ठीक' म्हणावं. स्क्रिप्टने ते पान दर दोन सेकंदांनी मागावं, दोन सेकंदांत उत्तर आलं नाही तर नापास धरावं, आणि लागोपाठ तीन वेळा नापास झालं तरच सर्व्हर बिघडला असं मानावं. एका चुकलेल्या उत्तरावर पत्ता हलवू नका, नाहीतर पंधरवड्याची बिलं काढताना सर्व्हर जरा मंदावला की पत्ता विनाकारण इकडून तिकडे उड्या मारेल. या मांडणीत लटकलेला सर्व्हर ओळखून पत्ता हलायला साधारण दहा सेकंद लागतात. काट्याला एवढं चालतं.

त्या पानात डेटाबेस जोडलेला आहे का, ही तपासणी घालू नका. डेटाबेस दोघांचा एकच असतो. तो पडला की दोन्ही सर्व्हर एकदम नापास होतात, पत्ता कोणाकडेच राहत नाही आणि काट्यावरच्या माणसाला 'डेटाबेस बंद आहे' या संदेशाऐवजी कोरी स्क्रीन दिसते. पत्ता हलवून जो बिघाड दुरुस्त होतो तेवढाच त्या तपासणीत असावा.

स्क्रिप्ट नापास झाल्यावर काय घडतं, हे कॉन्फिगरेशनमध्ये तुम्ही स्क्रिप्टला दिलेल्या वजनावर, म्हणजे प्रायॉरिटीत मिळवायच्या किंवा वजा करायच्या आकड्यावर, अवलंबून असतं. समजा मास्टरची प्रायॉरिटी १५०, बॅकअपची १०० आणि स्क्रिप्टचं वजन उणे ३० आहे. नापास झाल्यावर मास्टर १२० वर येतो, तरीही १०० च्या वरच, आणि पत्ता हलत नाही. वजन उणे ६० दिलं तर तो ९० वर येतो आणि बॅकअप पत्ता घेतो. ही साधी वजाबाकी आहे, पण कॉन्फिगरेशन कुठूनतरी उतरवून घेतलं की नेमकी हीच राहते.

हंगामात मी 'नोप्रीएम्प्ट' चालू ठेवायला सांगतो. एरवी जास्त प्रायॉरिटीचा सर्व्हर परत सुरू झाला की पत्ता लगेच हिसकावून घेतो. पॉवर सप्लाय खराब झालेला सर्व्हर दर काही मिनिटांनी रीस्टार्ट होत असेल, तर तो दर वेळी पत्ता घेणार आणि दर वेळी सगळ्यांची कनेक्शनं तोडणार. नोप्रीएम्प्ट असेल तर पत्ता जिथे गेला तिथेच राहतो. मग पाळी बदलताना, रांग कमी असताना, तुम्ही तो हाताने परत आणा. यासाठी दोन्ही सर्व्हरची सुरुवातीची स्थिती 'बॅकअप' लिहावी लागते. शिवाय नोप्रीएम्प्ट असताना उणे वजनाची युक्ती चालत नाही, कारण मास्टरची प्रायॉरिटी घसरली तरी बॅकअप त्याला हटवत नाही. म्हणून इथे स्क्रिप्टला वजनच देऊ नका. वजन नसेल तर नापास झालेला सर्व्हर थेट 'फॉल्ट' स्थितीत जातो आणि पत्ता सोडतो. आम्हाला हेच हवं असतं.

आता उलटा धोका बघू: दोघेही स्वतःला मास्टर समजतात. याचं मला सर्वांत जास्त वेळा दिसलेलं कारण फायरवॉल आहे. व्हीआरआरपी हा टीसीपी किंवा यूडीपी या पोर्ट वापरणाऱ्या प्रोटोकॉलवर चालत नाही. त्याचा स्वतःचा आयपी प्रोटोकॉल क्रमांक ११२ आहे. लोक '११२ नंबरचा पोर्ट' उघडतात आणि घोषणा मात्र अडतातच. बॅकअपला काही ऐकू येत नाही, मग तोही पत्ता घेतो. तपासायला सोपं आहे. दोन्ही सर्व्हरवर टीसीपीडम्प (नेटवर्कवरची पाकिटं दाखवणारा प्रोग्रॅम) लावून प्रोटोकॉल ११२ ची पाकिटं बघा. सगळं ठीक असेल तर दोन्हीकडे सेकंदाला एकच ओळ दिसते आणि ती एकाच पत्त्याकडून येते. दोन पत्त्यांकडून ओळी येत असतील, किंवा प्रत्येक सर्व्हरला फक्त स्वतःचीच दिसत असेल, तर दोघेही मास्टर झालेले आहेत. पत्ता कोणाकडे आहे ते बघताना 'आयपी ॲड्रेस शो' वापरा. जुन्या 'आयएफकॉन्फिग'मध्ये असा जोडलेला पत्ता बहुधा दिसतच नाही आणि माणूस नसलेला बिघाड शोधत बसतो.

दुसरं कारण म्हणजे घोषणांसाठी दोन सर्व्हरमध्ये टाकलेली वेगळी केबल. कल्पना चांगली वाटते, पण ती केबल निघाली की दोघेही मास्टर होतात. आणि लॅनचा पोर्ट गेला तर त्या केबलवरून घोषणा चालूच राहतात, म्हणजे पत्ता अशा सर्व्हरवर अडकतो जिथे कोणी पोचूच शकत नाही. घोषणा त्याच लॅनवरून जाऊ द्या जिथून काट्याचे पीसी येतात.

व्हीआरआरपीत पत्ता वाटून घेणाऱ्या सर्व्हरच्या प्रत्येक गटाला एक क्रमांक द्यावा लागतो, तो १ ते २५५ मधला असतो. ट्यूटोरियलमध्ये ५१ असतो म्हणून सगळ्यांकडे ५१ असतो. त्याच लॅनवर दुसरी एखादी जोडी असेल तर क्रमांक वेगळा द्या. हे तुम्हाला मुद्दाम सांगतो, कारण कारखान्यांत फायरवॉल म्हणून पीएफसेन्स किंवा ओपीएनसेन्सची जोडी बऱ्याच ठिकाणी असते आणि ती कार्प नावाचा वेगळा प्रोटोकॉल वापरते. १९९८ मध्ये व्हीआरआरपीचं पहिलं मानक आलं तेव्हा सिस्कोच्या पेटंटचा प्रश्न होता. म्हणून ओपनबीएसडीवाल्यांनी स्वतःचा कार्प लिहिला आणि २००४ मध्ये ३.५ आवृत्तीत तो दिला. त्यांना वेगळा प्रोटोकॉल क्रमांक मिळाला नाही, त्यामुळे कार्पही ११२ च वापरतो आणि त्याचा आभासी (पत्त्यासोबत फिरणारा) मॅकही व्हीआरआरपीसारखाच ००:००:५ई:००:०१ ने सुरू होतो, शेवटी गटाचा क्रमांक. दोघांचा क्रमांक एकच झाला तर लॉगमध्ये अगम्य तक्रारी येतात, आणि कीपअलाइव्हडलाही आभासी मॅक वापरायला सांगितलं असेल तर स्विच गोंधळून जातो.

काट्यावर जुनं इंडिकेटर (वजन दाखवणारी पेटी) किंवा सिरियल-टू-इथरनेट कन्व्हर्टर थेट सर्व्हरशी बोलत असेल तर त्याची वेगळी चाचणी करा. अशी काही उपकरणं ग्रॅच्युइटस एआरपीकडे लक्षच देत नाहीत आणि जुना मॅक धरून बसतात. कीपअलाइव्हड पत्ता घेतल्यावर पाच वेळा सांगतो, आणि पाच सेकंदांनी पुन्हा पाच वेळा. तेवढ्याने भागलं नाही तर आभासी मॅक वापरा. मग मॅक बदलतच नाही, फक्त तो कोणत्या पोर्टवर आहे एवढं स्विचला नव्याने कळतं. त्या पोर्टवर पोर्ट-सिक्युरिटी (ठरावीक मॅकच चालू देणारी स्विचची सोय) असेल तर ती आधी सैल करावी लागेल.

अजून दोन गोष्टी वरवर सांगून पुढे जातो. सॉफ्टवेअर सगळ्या पत्त्यांवर ऐकत असेल तर उत्तम. ते फिरत्या पत्त्यालाच बांधलेलं असेल तर पत्ता नसलेल्या सर्व्हरवर सुरूच होणार नाही, त्यासाठी कर्नलमधलं 'आयपी नॉनलोकल बाइंड' चालू करावं लागतं. दुसरं म्हणजे सर्व्हर स्वतःहून बाहेर जातो तेव्हा त्याचा मूळ पत्ता वापरतो, फिरता नाही. शेतकऱ्याला वजनाचा एसएमएस जायचा असेल तर फायरवॉलवर १०.२२ आणि १०.२३ दोघांनाही परवानगी हवी, नाहीतर पत्ता हलल्यावर काटा चालेल आणि एसएमएस गप्प होतील.

आता लोड. व्हीआरआरपी लोड विभागत नाही. पत्ता एकाकडेच असतो आणि दुसरा सर्व्हर रिकामा बसतो. दोघांना कामाला लावायचे मार्ग आहेत. ओपनबीएसडीच्या कार्पमध्ये तर एक पत्ता खरोखर दोघे एकदम धरू शकतात. प्रत्येक पाकीट दोघांपर्यंत पोचतं आणि कोणी घ्यायचं ते पत्त्यांच्या हॅशवरून (पत्त्यांवरून गणिताने काढलेल्या आकड्यावरून) ठरतं. पण त्यासाठी स्विचला प्रत्येक पाकीट अनेक पोर्टवर पाठवावं लागतं, आणि कारखान्याच्या लॅनवर मी ते करणार नाही. फिरत्या पत्त्यामागे एचएप्रॉक्सी हा प्रोग्रॅम ठेवून त्याने दोन्ही सर्व्हरना विनंत्या वाटाव्यात, ही सर्वमान्य पद्धत. दोन्ही यंत्रांवर एचएप्रॉक्सी चालतो, पत्ता असेल त्याच्यावरचा कामात येतो, आणि बिघडलेला सर्व्हर तो स्वतःच यादीतून वगळतो. मात्र तुमच्या सॉफ्टवेअरचं लॉगिन सेशन सर्व्हरच्या मेमरीत असेल तर कुकीने (ब्राउझरमध्ये ठेवलेल्या खुणेने) माणसाला एका सर्व्हरला बांधून ठेवावं लागेल, किंवा सेशन डेटाबेसमध्ये हलवावं लागेल. तसं केलं नाही तर प्रत्येक दुसऱ्या क्लिकला लॉगिनचं पान येईल.

पण तुमच्याकडे खरा लोड कुठे आहे ते बघा. काट्यावर भरलेलं वजन, रिकामं वजन, चिट, एवढंच काम आणि तेही वाहनामागे काही मिनिटांच्या अंतराने. सर्व्हर दमतो तो पंधरवडा बिलं, तोडणी-वाहतुकीचे हिशेब आणि मोठे रिपोर्ट काढताना. म्हणून मी तुम्हाला दोन फिरते पत्ते सुचवेन. १०.२१ काट्यासाठी, तो एरवी पहिल्या सर्व्हरवर. १०.३१ ऑफिस आणि रिपोर्टसाठी, तो एरवी दुसऱ्यावर. प्रत्येक सर्व्हर दुसऱ्याचा बॅकअप. दोन्ही यंत्रं कामाला लागतात, काट्याला रिपोर्टचा त्रास होत नाही आणि एचएप्रॉक्सीचा एक थर वाचतो. अट एकच: एक सर्व्हर पडला की दुसऱ्याला दोन्ही कामं पेलली पाहिजेत. दोघेही रोज सत्तर टक्के भरलेले असतील तर ते एकमेकांचे बॅकअप नाहीतच. शिवाय पत्ता घेताना चालणारी स्क्रिप्ट कीपअलाइव्हडला देता येते. त्यात एवढंच लिहा की दोन्ही पत्ते एकाच ठिकाणी आले तर मोठे रिपोर्ट थांबवायचे. बिलं दोन तासांनी निघाली तर चालतं, काटा थांबून चालत नाही.

डेटाबेसचा पत्ता मात्र या पद्धतीने अजिबात फिरवू नका, हे मी आग्रहाने सांगतो. सॉफ्टवेअरचे दोन मास्टर झाले तर गोंधळ होतो, पण तो निस्तरता येतो. डेटाबेसचे दोन मास्टर झाले तर दोन्हीकडे चिटा बनतात, एकाच नंबरची चिट दोन शेतकऱ्यांच्या नावावर पडते आणि ते बिल काढताना समजतं. तोपर्यंत ऊस गाळून झालेला असतो आणि पुन्हा वजन करायला काही उरलेलं नसतं. दोनच यंत्रं असताना एकाला दुसरा मेला की फक्त मधला रस्ता तुटला हे कळूच शकत नाही. तिसरं मत लागतं. डेटाबेस पोस्टग्रेस असेल तर त्याचा मास्टर सांभाळणारा पॅट्रोनी आणि तीन ठिकाणी मत देणारं एटसीडी, किंवा पेसमेकर-कोरोसिंक ही सर्व्हरचा गट सांभाळणारी जोडी आणि जुन्या सर्व्हरची वीज तोडून मगच नवा सुरू करणारं फेन्सिंग. तिसरं यंत्र छोटं चालेल, पण ते वेगळ्या स्विचवर आणि वेगळ्या यूपीएसवर असावं. हे जमेपर्यंत डेटाबेसची सतत उतरणारी प्रत दुसऱ्या यंत्रावर ठेवा आणि ती पुढे करायचा निर्णय माणसाने घ्यावा.

पत्ता हलल्यावर चालू कनेक्शनं तुटतात, हेही सॉफ्टवेअरवाल्यांना सांगा. क्लार्कने 'सेव्ह' दाबलं आणि त्याच क्षणी सर्व्हर गेला, तर चिट पडली की नाही हे त्याला कळणार नाही आणि तो पुन्हा दाबेल. प्रत्येक वजनाला पीसीवरच एक वेगळा क्रमांक मिळाला पाहिजे, म्हणजे तीच नोंद दुसऱ्यांदा आली तर सर्व्हर ती ओळखून जुनीच चिट परत देईल.

शेवटी जागेबद्दल. दोन्ही सर्व्हर एकाच रॅकमध्ये, एका यूपीएसवर आणि एका स्विचवर असतील तर फक्त सर्व्हरचा बिघाड वाचतो. दोघे आभासी यंत्रं असून एकाच हार्डवेअरवर असतील तर तोही वाचत नाही. निदान यूपीएस आणि स्विच वेगळे करा. आणि ही जोडी पुरासाठी नाही. २०१९ आणि २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येऊन पुणे-बेंगळुरू वाहतूक बंद पडली होती. त्या वेळी बाहेरून माणूस किंवा सुटा भाग येण्याचीही सोय नव्हती. फिरता पत्ता एकाच लॅनमध्ये फिरतो, नदीच्या पलीकडच्या ऑफिसात जात नाही. तिकडे नेण्यासाठी नावाचा डीएनएस बदलावा लागतो, म्हणून वर नाव वापरा म्हटलं, आणि त्या नावाची टीटीएल (पीसींनी जुना पत्ता लक्षात ठेवायची मुदत) पाच मिनिटांच्या आत ठेवा. पावसाळ्यात गाळप नसतं, पण ऊस नोंदी आणि मागच्या हंगामाचे हिशेब त्याच डेटाबेसमध्ये असतात. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे चढू लागली की ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट न बघता त्या दिवसाची प्रत बाहेरगावी पोचलेली असावी.

हे सगळं गाळप सुरू होण्याआधी करा आणि चाचणी काट्यावर बसून करा, सर्व्हर रूममध्ये नाही. एक जण चिटा काढत राहील, दुसरा केबल ओढेल, मग वीज तोडेल, मग फक्त सॉफ्टवेअर लटकवेल, मग डिस्क भरेल. चारही वेळा काट्यावर किती सेकंद गेले आणि कोणती चिट अर्धवट राहिली ते लिहून ठेवा. तुमचा डेटाबेस कोणता, तो या दोन सर्व्हरपैकीच एकावर आहे का, आणि स्विच कोणत्या मॉडेलचा आहे एवढं कळवलंत तर पुढची मांडणी नेमकी सांगता येईल.